पिवळ्या हळदीची लिंक

बचत गटाची हळद ऑनलाइन विकायची ठरली, तेव्हा वेबसाइटचं काम मी अंगावर घेतलं. गटातल्या निम्म्या बायकांना वाचायला जड जातं, म्हणून गटाच्या पानावर मी शब्द ठेवलेच नाहीत. हळदीच्या ताटावर बोट ठेवलं की आलेल्या ऑर्डरी, टेम्पोवर ठेवलं की पाठवलेला माल. बैठकीत सगळ्यांनी करून पाहिलं. सोपं झालं, म्हणाल्या.

पुसेगावची माझी मोठी मावसबहीण गटातच. तिला दिसत नाही. फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, त्यावर ती सगळं करते. हळकुंडं निवडायला बसली की कुणीतरी "राहू द्या ताई" म्हणत तिच्या हातातलं सूप काढून घ्यायचं. म्हणून ऑर्डरींचं काम तिनं मागून घेतलं. हे तिला एकटीनं जमणार होतं.

तिनं पान उघडलं. फोन बोलला, "लिंक, इमेज शून्य तीन." बोट सरकवलं. "लिंक, इमेज शून्य चार."

"काय गं, मी मटक्याचा आकडा लावून राहिले काय?"

चित्रामागे मजकूर लिहिता येतो, हे मी शोधून काढलं. नीट लिहिलं: 'स्टीलच्या ताटात पिवळीधमक हळद.' 'झाडाखाली लाल टेम्पो.'

ऐकून ती हसत सुटली. "हळद पिवळी असते हे मला काहून सांगून राहिली? दाबलं की मी कुठं जाईन, ते सांग ना!"

बरोबर होतं तिचं. 'आलेल्या ऑर्डरी', 'पाठवलेला माल', एवढंच लिहायचं होतं. पण हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश, पॅकिंग अशी माझी कामं ओळीनं लागलेली. हे मी सगळ्यांच्या शेवटी टाकलं. ऑर्डरी मात्र थांबेनात. बैठकीत ऑर्डरींचं काम गटातल्या एका नव्या सुनेला दिलं गेलं. होकारासाठी मीही हात वर केला.

हंगाम सरल्यावर मजकूर बदलला आणि पुसेगावला गेले. ताईनं भराभरा सगळी पानं फिरून पाहिली.

"आता बराबर बोलून राहिलं."

"मग घेतेस काम? मी बैठकीत बोलते."

तिनं फोन उशाशी ठेवला.

"नाही गं. ती पोरगी आता शिकली. तिच्या हातातलं सूप कशाला काढून घेऊ?"