आतोबांची आघाडीची फळी

ज्या गोष्टीशी आपला काडीइतकाही संबंध नाही, तिच्या काळजीनं ज्यांना जेवण गोड लागत नाही अशी माणसं जगात बरीच असतील. पण हे व्रत माझ्या आतोबांइतकं मनापासून पाळणारं दुसरं कुणी मी आजवर पाहिलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पालघर स्टेशनाजवळच्या एका गवताच्या वखारीत ते मुकादम होते. डोंगराकडून बैलगाड्यांनी गवत यायचं, ते दाबून त्याच्या गासड्या बांधल्या जायच्या आणि वॅगनी भरभरून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना व्हायच्या. मुकादमाचं काम ओरडण्याचं. आतोबा ओरडत नसत, प्रश्न विचारत. कधी खोचून बोलायचं म्हणून नव्हे, खरोखरच उत्तर हवं असायचं त्यांना. स्टेशनात थांबलेल्या मालगाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी एकदा विचारलं होतं, "शिट्टी वाजवल्यावर तुमचं तुम्हाला दचकायला होतं का हो?" तो भला माणूस थोडा विचार करून म्हणाला, "पहिले वर्षभर व्हायचं." आतोबा समाधानानं परत आले. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते भटजींच्या कानाशी लागले, पण आवाज मुळातच मोठा, त्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "मुलगा उंच आहे. त्याला अंतरपाटावरून पलीकडचं सगळं दिसतंय. चालतं का ते?" नवऱ्या मुलानं जी मान खाली घातली ती जेवणाच्या पंगतीपर्यंत वर केली नाही.

मी केळव्याचा. साठच्या दशकाच्या शेवटी पालघरात कॉलेज निघालं, तेव्हा शिकायला म्हणून आत्याकडे राहायला आलो. कॉलेज इतकं नवं होतं की वर्गातल्या बाकांना अजून व्हार्निशचा वास यायचा. मैदान म्हणजे पावसाळ्यात नुसतं भाताचं खाचर. त्यात आमची फुटबॉलची टीम खेळायची आणि मी त्या टीमचा लेफ्ट आउट होतो. पहिल्या वर्षी आम्ही जेवढ्या मॅच खेळलो तेवढ्या हरलो, याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. शेवटची मॅच हरून मी चिखलानं माखलेला घरी आलो तेव्हा आतोबांनी सहज विचारलं, "तुमचे किती?"

"शून्य."

"आणि मागच्या खेपेला?"

"तेव्हाही शून्य. आम्ही यंदा एकही गोल मारला नाही."

आतोबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "एकही नाही?" ते म्हणाले, "का?"

त्या एका 'का'नं पुढच्या वर्षभराचं आमच्या घरातलं स्वास्थ्य गेलं. आतोबांनी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. गोल कशाला म्हणतात तेही त्यांना मीच सांगितलं. पण अकरा धडधाकट मुलं दीड तास एका दिशेला धावतात आणि तरी तिथं पोहोचत नाहीत, हे त्यांच्या बुद्धीला काही केल्या पटेना. छत्री घेऊन ते सरावाला येऊन उभे राहू लागले. आठ दिवसांतच सगळी टीम त्यांना आतोबा म्हणायला लागली. महिन्याभरानं त्यांनी मला बाजूला घेतलं आणि वैद्यानं नाडी पाहून सांगावं तशा आवाजात सांगितलं, "तुमचा तो मधला मुलगा आहे ना, दिनकर, तो लाथ मारताना डोळे मिटतो." दिनकर आमचा सेंटर फॉरवर्ड. आम्ही त्याच्याबरोबर वर्षभर खेळत होतो, पण हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहिलं. खरंच मिटत होता. बॉल जवळ येईपर्यंत टक्क उघडे, आणि पाय उचलला की देवापुढे उभं राहिल्यासारखे घट्ट बंद!

मार्च-एप्रिलमध्ये इतर लोक परीक्षेची नाहीतर पाहुण्यारावळ्यांची चिंता करतात. आतोबा पुढच्या हंगामातल्या आमच्या आघाडीच्या फळीची करू लागले. त्यातच प्रिन्सिपॉलसाहेबांनी जाहीर केलं की येत्या वर्षीही एक गोल होणार नसेल तर फुटबॉल बंद. त्या जागी व्हॉलीबॉलचे खांब रोवू. मला वाटतं, खुद्द आमच्या कॅप्टननंही ही बातमी आतोबांइतकी मनाला लावून घेतली नसेल.

एका रविवारी ते मला घेऊन बोईसरच्या बाजाराला निघाले. निमित्त सुक्या मासळीचं. जवळच्या घिवली गावची एक मावशी पाटी मांडून बसली होती. आतोबांनी जोडीजोडीनं सुकवलेले बोंबील उचलून पाहिले आणि विचारलं, "मावशी, दोघांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टांगता, वारा सुटला तर ती सुटत कशी नाहीत?"

"दात बगा की त्याचे," मावशी म्हणाली. "येकदा धरलं का सोडीत नाय."

"पण आधी कोण कोणाला धरतं?"

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "तुमी घेनार हाय का नुस्तं इचारनार? माजा पोरगा कालेजात हाय, हरेश्वर. त्याला इचारा जा. त्यालाबी असंच कायबाय पडतं. दिसभर वाळूत गळलेल्या नारळाची बोंडं लाथाडीत बसतो."

आतोबांचा हात बोंबलावरून उठला. "किती लांब जातं बोंड?"

हरेश्वर माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. घिवलीची बस चुकू नये म्हणून तास संपला की पळायचा, त्यामुळे त्याचे पाय आम्हाला कधी दिसलेच नव्हते. त्याच दुपारी आम्ही घिवलीला गेलो. ओहोटी होती. आतोबा धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन ओल्या वाळूत उभे राहिले, आणि हरेश्वरनं एक बोंड लाथेनं असं उडवलं की ते नांगरलेल्या होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, टण्णकन आदळलं. आतोबा म्हणाले, "पुन्हा." त्यानं पुन्हा तिथंच मारलं. आतोबांनी खाली वाकून त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "डोळे उघडे आहेत," ते मला म्हणाले.

घिवलीच्या अलीकडेच तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. त्यासाठी आलेले अमेरिकन इंजिनियर बोईसर स्टेशनावर अधूनमधून दिसायचे. त्या संध्याकाळी परतताना असाच एक लालबुंद, ताडमाड साहेब फलाटावर गाडीची वाट पाहत उभा होता. आतोबांनी मला कोपरानं ढोसलं. "विचार त्यांना. फुटबॉलमध्ये गोल कसा करतात?" माझं इंग्रजी कसंबसं परीक्षेपुरतं. पण 'फुटबॉल' म्हटल्याबरोबर साहेबाचा चेहरा उजळला. तो स्वतः कॉलेजात असताना खेळलेला. त्यानं सिगारेटच्या पाकिटावर भराभर गोळे आणि बाण काढले, दोन्ही हातांनी पोटाशी काहीतरी कवटाळल्याचं दाखवलं, मग फलाटावरच्या एका हमालाला खांदा लावून बाजूला सारलं आणि फलाटभर पळून आला. हमालाला वाटलं, साहेबाचं सामान चोरीला गेलं.

गाडीत बसल्यावर मी सांगितलं, "आतोबा, त्यांचा फुटबॉल निराळाच दिसतो. बॉल लांबट असतो, आणि ते तो हातात घेऊन पळतात."

"मग त्याला फुटबॉल का म्हणतात?" असं ते विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि उमरोळी येईपर्यंत त्यांनी तेच विचारलं. पण पाकीट काही त्यांनी टाकलं नाही. पालघर आल्यावर उतरता उतरता म्हणाले, "एक गोष्ट लक्षात आली का? साहेबाच्या चित्रात ज्याच्याजवळ बॉल नाही त्यालाच काम जास्त आहे. तुमच्यात ज्याच्याजवळ बॉल नसतो तो कमरेवर हात ठेवून उभा असतो."

इतकी वर्षं झाली, पण फुटबॉलबद्दल याहून शहाणं वाक्य माझ्या कानावर पडलेलं नाही.

पावसाळ्यात वखारीला काम नसे. न गेलेल्या गासड्या आतोबांनी शेडमध्ये समोरच्या टीमसारख्या मांडल्या आणि आमची आघाडीची फळी त्यांच्यामधून पळू लागली. मी आणि आमचा राइट आउट, आम्ही दोघांनी आरडाओरडा करत भलत्याच दिशेला धावायचं; समोरचे आमच्यामागे आले की मधे मोकळी जागा होईल, तिथून हरेश्वरनं शिरायचं. हरेश्वरला सायकलवरून घिवलीच्या शेवटच्या बसपर्यंत पोहोचवण्यासाठी कॅप्टननं मुलांची पाळी लावली होती. दिनकरनं सेंटरची जागा त्याला आनंदानं दिली, त्याला स्वतःलाच सुटल्यासारखं झालं. आत्या मात्र वैतागली होती. "रोज भातात गवत निघतंय," ती म्हणायची. "तुमच्या त्या गोलासाठी आम्ही काय रवंथ करायचं का?" आतोबा तिला शांतपणे विचारायचे, "भातात जातं कसं पण?"

पहिल्या मॅचला तीन-चार दिवस राहिले असताना हरेश्वर शनिवारी दुपारी घरी आला. ओसरीच्या कडेला बसला. पायानं अंगणातला एक खडा पुढेमागे करत राहिला. शेवटी म्हणाला, "आतोबा, पलांटवरनं बोलावनं आलंय. शिकाऊ घेतात. सोमवारी हजर व्हायचं हाय." त्याच्या बापाचा हात मागच्या साली दोरात सापडून निकामी झाला होता. होडी दुसऱ्याच्या हाती होती. तरी तो म्हणाला, "कॅप्टनला कसं सांगू? तुमी सांगाल तसं करतो. बुधवारची मॅच खेळूनश्यान गेलो तं घेतील का?"

मी आतोबांकडे पाहत होतो. बुधवारपर्यंत थांब, एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं तर तो थांबला असता. आतोबांनी प्रश्नच विचारले. काम कसलं? शिकवतात का खरोखर, की नुसती घमेली उचलायची? पुढे कायम करतात? आईला सांगितलंस का? एकेका उत्तरानिशी त्यांचा चेहरा उतरत गेला, कारण सगळी उत्तरं चांगली होती. शेवटी ते मला म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे. हजर होण्याचा त्याचा अर्ज लिही. आणि हरेश्वर, सोमवारी म्हणजे सोमवारीच जायचं. मंगळवारी नाही."

त्या संध्याकाळी आतोबा जेवले नाहीत. आत्या घाबरून माझ्याकडे आली. "काय रे, कुणी गेलं का?"

"सेंटर फॉरवर्ड गेला," मी म्हणालो.

"अगंबाई! कशानं?"

"नोकरीनं."

बुधवारी मैदानात घोटाभर पाणी होतं. दिनकर पुन्हा मधे उभा राहिला, आणि हाफटाइमच्या आधीच समोरच्यांनी आम्हाला तीन गोल मारले. आतोबा छत्रीखाली काठावर उभे होते. ओरडत नव्हते, त्यांचे ओठ मात्र हलत होते. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असताना बॉल कसाबसा आमच्या ताब्यात आला. मला का कुणास ठाऊक, त्या गासड्या आठवल्या. मी "दे, इकडे दे" असं बोंबलत डावीकडे धावत सुटलो, राइट आउट उजवीकडे सुटला, आणि त्यांचे दोन्ही बॅक आमच्यामागे आले. मधे दिनकर एकटाच उरला. समोर फक्त गोलकीपर. दिनकरनं पाय उचलला, डोळे मिटले आणि मारला. बॉल पाण्यात आपटला, अडखळला, आणि पुढे झेपावलेल्या गोलकीपरच्या कुशीखालून हळूच गोलात जाऊन बसला. दिनकरला ते आमच्या ओरडण्यावरून कळलं.

आम्ही तीन-एक असे हरलो आणि सबंध गावातून दिनकरची मिरवणूक काढली. आतोबा मिरवणुकीत नव्हते. मी मागे वळून पाहिलं तर ते त्या बाहेरगावच्या गोलकीपरच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते आणि त्याला विचारत होते, "बाळ, मला एवढंच सांग, तू आधीच का रे झेपावलास?"

तो म्हणाला, "काका, मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघून ओळखायचं असतं. ह्याचे डोळेच दिसेनात!"

रविवारी ते मला घेऊन बोईसरला गेले आणि तिथून प्लांटच्या फाटकाशी. रविवारीही तिथं काम चालायचं; दुपारच्या सुट्टीत हरेश्वर बाहेर आला. अंगात खाकी, डोक्यावर लोखंडी टोपी, हातांना तेल. आतोबांनी रस्त्याकडेला उकिडवं बसून खडे मांडले आणि त्याला सगळा गोल दाखवला. हा मी, हा राइट आउट, हा दिनकर. हरेश्वर वाकून लक्षपूर्वक पाहत होता. सगळं झाल्यावर त्यानं दिनकरचा खडा उचलला, तळहातावर घोळवला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला. "बरं झालं," तो म्हणाला. मग भोंगा झाला आणि तो आत गेला. स्टेशनावर तिकीट काढताना आतोबा म्हणाले, "त्याला शिकवतायत. हाताला तेल होतं, सिमेंट नव्हतं."

फुटबॉल चालू राहिला. यथाकाल मी बी.ए. झालो, ठाण्याला नोकरीला लागलो, आत्याचं घर सुटलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये काही दाखला हवा होता म्हणून एक दिवस रजा घेऊन कॉलेजात गेलो. नव्या मुलांची प्रवेशासाठी ही भली मोठी रांग लागली होती, आणि रांगेपासून थोडं दूर, व्हरांड्याच्या खांबाला टेकून आतोबा उभे होते. आता टीममध्ये त्यांच्या ओळखीचं कुणीच उरलं नव्हतं. शिपाई त्यांना विचारत होता, "बाबा, कोणाच्या प्रवेशासाठी आलात?"

"कोणाच्याच नाही," आतोबा म्हणाले. त्यांची नजर रांगेतल्या मुलांच्या पायांवरून एकेक करत पुढे सरकत होती.

मला पाहून ते थोडे ओशाळले. ऑफिसची खिडकी बंद व्हायला अजून अवकाश होता. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "तो निळ्या सदऱ्यातला बघ. उभा राहतो कसा, टाचा न टेकता." मी पाहिलं. मुलगा खरंच तसा उभा होता. मग आम्ही दोघं, रांग संपेपर्यंत, तिथंच थांबलो.