अकरा नावाची पुस्तकं

“फिजिक्सच्या साठ कॉपी घेतल्या होत्या आपण. इथं एकच दिसतेय. बाकीच्या कुठं गेल्या?”

सचिव सरांनी मॉनिटर आमच्याकडे वळवला. आम्ही तिघं समोर उभे होतो. काउंटर सांभाळणारे रशीद मामू, पुस्तकं लावणाऱ्या सुनंदाताई आणि मी, ग्रंथपाल, नोकरीचा चौथा महिना. लातूरच्या आमच्या कॉलेजची लायब्ररी सोमवारी ऑनलाइन होणार होती. मुलांनी मोबाइलवर पुस्तकाचं नाव टाकायचं, की ते आहे का आणि कुठल्या रॅकवर आहे हे लगेच कळणार.

सरांनी लिस्ट वर सरकवली. सगळ्यात आधी एकच नाव शेकडो वेळा होतं. 11.

“हे कुठलं पुस्तक?”

सर मामूंकडे वळले.

“मामू, टायपिंग तुमचं ना? मी म्हटलंच होतं, ह्या वयात जमायचं नाही. सोमवारपासून हॉस्टेलच्या गेटवर बसा.”

“हाव सर,” मामू म्हणाले. एवढंच.

मला ते खरं वाटेना. मामू वीस वर्षं त्या काउंटरवर होते. माउस धरायला ते माझ्यासमोर शिकले होते. आम्ही तिघं एकाच ऑनलाइन शीटमध्ये काम करायचो, पुस्तकांची नावं मामूंकडे. त्यात दुसऱ्याचा कर्सर आपल्याला रंगीत चौकटीसारखा दिसतो. पहिल्या दिवशी मामू ओरडले होते, “ताई, तुम्ही माझ्या घरात घुसलाव! निघा भाईर!” सुनंदाताई पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या, “भाडं देते की!” त्यानंतर रोज हेच भांडण आणि रोज हसणं. पण मामूंची एंट्री कधी चुकली नव्हती.

मी दाखल रजिस्टर काढलं. लायब्ररीत आलेल्या प्रत्येक प्रतीची नंबरासह नोंद असते ते हे रजिस्टर. कोचिंगच्या गावात एकाच पुस्तकाच्या पन्नास-साठ प्रती घ्याव्या लागतात, म्हणून पहिल्या ओळीत नाव आणि खाली पानभर एकच खूण होती. —॥—

“मामू, ही खूण म्हणजे?”

“वरीलप्रमाणे. वरचंच नाव.”

“मग तुम्ही अकरा का टाकलं?”

मामूंनी इकडेतिकडे पाहिलं. “मॅडम, तुम्हीच सांगितलं.”

मग मला आठवलं. त्यांनी विचारलं होतं, “हे काय टाकू?” मी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, “इलेव्हन. अकरावीचं असेल.” माझं शिक्षण नांदेडला इंग्लिश मीडियममध्ये झालं. आमच्या वह्यांत अशा दोन रेघा कधी नव्हत्या.

“मला वाटलं, काम्पुटरात वरीलप्रमाणेला अकरा म्हणत असतेल,” मामू म्हणाले.

सुनंदाताईंनी तोंडावर पदर धरला, पण हसू थांबेना.

“तुम्ही सरांना का नाही सांगितलं?”

“तुमची नोकरी नवी हाय, बेटा.”

मला सरांच्या केबिनमध्ये जायला फार भीती वाटते. दारात मी वाक्य दोनदा मनात म्हणून घेतलं आणि आत गेले.

“सर, टायपिंग बरोबर आहे. मी चुकीचं सांगितलं.”

सरांनी सगळं ऐकलं. “दोन रेघा म्हणजे अकरा?”

“हो सर.”

“उद्या तीन रेघा काढल्या तर एकशे अकरा?”

सरांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

“सोमवारी साठ कॉपी दिसल्या पाहिजेत. नाही तर गेटवर दोन खुर्च्या टाकू.”

सुदैवाने आमच्या शीटमध्ये ओळी रजिस्टरच्याच क्रमाने होत्या. मी मामूंना नावाच्या चौकटीचा खालचा कोपरा दाखवला. तो माउसने धरून खाली ओढला, की वरचं नाव खाली उतरत जातं. मामूंनी ओढलं. एका दमात एकोणसाठ अकरा गेले आणि एकोणसाठ फिजिक्स आले.

“अरे वा! हे तर वरीलप्रमाणेच हाय! आधी का न्हाई सांगितलं?”

मग त्यांनी मला माउसला हात लावू दिला नाही. सुनंदाताई रजिस्टरमधून नावं वाचायच्या, मामू ओढायचे. “केमिस्ट्री, पन्नास!” “आली!” “बायोलॉजी, चाळीस!” “चाळीस झाले, पुढं बोला!” शनिवारी संध्याकाळी शेवटचा अकरा गेला. ताईंनी घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली.

सोमवारी सर आले. फिजिक्स टाकलं, साठ. बायोलॉजी टाकलं, चाळीस. त्यातली एक प्रत बाहेर.

“कोणाकडे आहे?”

मामूंनी क्लिक केलं आणि दोन पावलं मागं सरकले. “तुमच्याकडंच हाय सर. दिवाळीपास्नं.”

सर आधी स्क्रीनकडे बघत राहिले, मग मोठ्यांदा हसले. दुपारी शिपायाबरोबर पुस्तक परत आलं.

मामू काउंटरवरच राहिले. आता संस्थेच्या नांदेड शाखेतल्या स्टाफला शीट शिकवायला तेच जातात. मीही एक गोष्ट शिकले. कोणी “हे काय टाकू?” असं विचारलं, की आधी “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारायचं. अर्ध्या वेळा उत्तर त्यालाच माहीत असतं.