मालूआत्याची माती ॲडमिट होते

पनवेलजवळ कोनच्या बाजूला आमच्या गावाबाहेरून जमिनीखालून तेलाची एक पाइपलाइन जाते. काही वर्षांपूर्वी ती फुटली आणि कच्चं तेल नेमकं मालूआत्याच्या भातखाचरात वर आलं. मालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी बिल्डरला दिल्या, हिने दिली नव्हती.

कंपनीने तेल उपसून नेलं, पण माती कामातून गेली. काळी, चिकट, वासाने डोकं उठवणारी. आत्याने त्यावर कळशी ओतून बघितली. पाणी मुरेना, अळूच्या पानावरून घरंगळावं तसं थेंबाथेंबाने बांधाकडे पळालं. गांडुळं तर केव्हाच मेली होती.

"निकेश, ही पानी पन पीत नाय रं," आत्या मला म्हणाली आणि बांधावरच बसली.

मग कंपनीने वरची हातभर माती खरवडून ट्रकांत भरली आणि पनवेलबाहेरच्या एका यार्डात नेली. तिथे पत्र्याच्या शेडखाली ढीग घालून त्यात तेल खाणारे जिवाणू सोडतात. यार्डाची इनचार्ज प्रांजल. सोपं करून सांगण्याच्या नादात ती म्हणून गेली, "मावशी, माती आजारी आहे असं समजा. आम्ही ॲडमिट केलीय."

आत्याने तसंच समजलं. रविवार आला की ती माझ्या स्कूटरवर मागे बसे, पिशवीत शेणाचा गोळा आणि गूळ. पहिल्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"मातीला."

त्याने रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. मग म्हणाला, "आत एका वेळी एकच नातेवाईक."

आत्या चपला काढून आत गेली. प्रांजल सांगू लागली, "आज युरिया दिला, ओलावा दिला, हवा लागावी म्हणून ढीग उलटवला."

"कूस बदलली म्हन की. ताप हाय?"

"आहे थोडा. जिवाणू कामाला लागले की ढीग गरम होतो."

आत्या जाते म्हटल्यावर गावाला घरी बसून कसं चालेल? भगवानकाका शहाळी घेऊन आले. दिपिकाकाकू ठेवणीतली साडी नेसून आली, ढिगाकडे बघत "लय उतरलीय" म्हणाली आणि डोळे पुसले. शहाळी शेवटी वॉचमन प्यायला.

तिथेच वहाबचाचा भेटले. मस्कतला नोकरी करून परतलेले, पनवेलचे. त्याच लाइनच्या तेलाने त्यांचीही वाडी बुडाली होती आणि त्यांची माती शेजारच्या ढिगात होती. दोघं बाकावर बसून एकमेकांची विचारपूस करत.

"तुमची कशी हाय?"

"अल्हम्दुलिल्लाह, काल पहिल्यांदा पाणी प्याली. तुमची?"

"वास हाय अजून. पन रंग आलाय."

पुढच्या उन्हाळ्यात दोघांचीही माती डिस्चार्ज झाली. ट्रक आले, माती पसरली, वरून नवी गांडुळं सोडली. आत्या ढेकळं फोडायला बसली तर त्यात खजुराच्या बिया. आमच्या घरात खजूर कोणीच खात नाही. ती विचार करते आहे तोवर चाचांचा फोन आला, "मालूबहेन, माझ्या मातीत बैलाचं घुंगरू निघालंय."

प्रांजल धावत आली. तिचा चेहरा पडला होता. "ढीग बदलले मावशी. पण आता माती पुन्हा उचलली तर गांडुळं जगायची नाहीत."

आत्या आधी खूप ओरडली. मग आम्ही चाचांच्या वाडीत गेलो. तिथे तिने आपली माती हातात घेऊन चुरली, हुंगली. चाचा बाजूला उभे होते, मुलीकडच्या माणसांपुढे उभं राहावं तसे.

"नीट ठेवलीय," आत्या शेवटी म्हणाली. "ऱ्हाऊं द्या इथंच. तुमचीला मी सांभालते."

पहिल्या वर्षी भात पिवळा पडला, वीतभरच वाढला. कोपऱ्यात तर काही उगवलंच नाही. दुसऱ्या वर्षी मात्र दाणा भरला. नव्या तांदळाच्या भाकरी झाल्या तेव्हा आत्याने चाचांना आणि त्यांच्या साबिराचाचींना जेवायला बोलावलं.

चाचांनी पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आमचीच आहे," ते साबिराचाचींना म्हणाले. "पण इथलं पाणी मानवलंय तिला."

आत्याने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.