ओलं बोट

परदेशी कंपनीनं आमच्या कोल्हापुरात नाट्यगृह बांधायला घेतलं आणि तिचा हा आर्किटेक्ट माझ्या बोकांडी बसला. मी बांधकामाचा ठेकेदार. हा रोज सकाळी यायचा, बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि वर धरायचा. वारा कुठून येतो ते बघायला! मग शांतपणे म्हणायचा, "ही भिंत इथं नको." काल बांधलेली भिंत!

"साहेब, एसी लावा की! मिटलं!" मी ओरडायचो.

"इमारतीला श्वास घेऊ द्या."

इकडं माझाच कोंडायचा.

उद्घाटनाच्या दुपारी पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं. या बाबानं जाऊन चक्क मेन स्विच बंद केला! पंखे, दिवे, माईक, सगळं गेलं. पाहुणे लालबुंद. हा म्हणतो, "बोला साहेब, ऐकू येतंय." आणि च्यायला, वरच्या झरोक्यांतून उजेड, वारा येत होता आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकूही येत होतं. शिव्या मात्र मी खाल्ल्या.

परवा माझ्याच घरावर माडी चढवत होतो. बोट कधी तोंडात गेलं, कळलंच नाही. ते वर धरून गवंड्याला म्हणालो, "ही भिंत पाड."

"मालक, कालच बांधलीया की!"