अंगठी एक दिवस वृंदाकडे होती

वृंदा गेल्याचं मला तिच्या थोरल्या बहिणीच्या, सुनंदाताईंच्या मेसेजवरून कळलं. सोबत तिचा जुना, हसरा फोटो होता आणि खाली लिहिलेलं, 'आमची सर्वांची लाडकी वृंदा आज आम्हाला सोडून गेली.' वाचून आधी रडू आलं नाही, संताप आला. सर्वांची लाडकी! या सर्वांपैकी एकानेही कितीतरी वर्षांत डोंबिवलीजवळ कोपरला तिच्या दोन खोल्यांचा जिना चढला नव्हता. झटका आला तेव्हा शेजारच्या वहिनींनी तिला रिक्षात घातलं, आणि दवाखाना यायच्या आतच सगळं संपलं… आता महिना उलटून गेला. लोक तिच्याबद्दल चांगलंच बोलतात. जिवंतपणी जे बोललं गेलं, ते कुणाला आठवत नाही. मला आठवतं, म्हणून लिहितेय.

आम्ही डोंबिवलीत कॉलेजला एकत्र होतो. बीएस्सी झाल्यावर मी शाळेत लागले आणि वृंदाने मुंबईला जाऊन रत्नपरीक्षेचा अभ्यासक्रम केला. त्या काळी आमच्यातल्या मुली बँकेच्या परीक्षा द्यायच्या. हिला खडे बघायचे होते. पुढे ठाण्याला नौपाड्यातल्या एका मोठ्या सराफाकडे तिला नोकरी लागली. हिरे-मोती घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला माल समजावून सांगायचा, हे तिचं काम. आणि ती ते इतकं सरळपणे करायची की मालक कधीकधी कपाळाला हात लावायचा. पण गिऱ्हाइकं परत यायची, ती हिच्याच नावाने.

माझ्या मुलीच्या लग्नात हिऱ्याची कानातली घ्यायची होती. दुकान दुसरं होतं, म्हणून मी तिला सोबत नेलं. सेल्समनने मखमलीवर जोड ठेवला, वरचे दिवे लखलखत होते. "मॅडम, चमक बघा नुसती!" तो म्हणाला. वृंदा हसून म्हणाली, "ही चमक तुमच्या दिव्यांची आहे, दादा. जरा दाराशी नेऊन बघू?" दाराशी उजेडात तोच जोड मलूल दिसायला लागला. मग रस्त्याकडे पाठ करून तिने मला तिथेच धडा दिला. मोठा खडा म्हणजे चांगला खडा नव्हे. पैलू नीट पाडलेले नसतील तर प्रकाश खालून गळून जातो, आणि मग हिरा कितीही मोठा असो, मेलेला दिसतो. रंग बघायचा तर सुटा खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवायचा, पिवळसर झाक लगेच कळते. डाग बहुतेक हिऱ्यांत असतातच, ते मधोमध आहेत की कडेला, हे बघायचं. प्रमाणपत्रावरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो भिंगातून स्वतः जुळवून घ्यायचा, लाजायचं नाही. प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्यालाही ती नावं ठेवायची नाही. "तोही हिराच. फक्त तसं सांगून विकावा, एवढंच." मोत्यांचं मात्र ती हळवेपणाने बोलायची. मोत्यात खिडकीची चौकट स्वच्छ दिसली पाहिजे, दिसली नाही तर त्याच्यावर थर कमी. भोकाच्या कडेला पापुद्रे सुटलेले दिसले तर तो रंग चढवलेला. आणि अगदी एकसारखी, एकही वावगा दाणा नसलेली माळ स्वस्तात मिळत असेल, तर मुकाट्याने दुकानाबाहेर पडायचं.

वृंदाने लग्न केलं नाही. तिचा सगळा जीव सुनंदाताईंच्या केतकीवर. केतकीच्या शाळेच्या गॅदरिंगपासून ते ड्रायव्हिंगच्या क्लासपर्यंत सगळीकडे मावशी. केतकीचं लग्न ठरलं ते ठाण्यातल्या एका बड्या घरात. साखरपुड्यात मुलाकडच्यांनी तिच्या बोटात हिऱ्याची अंगठी घातली, आणि त्याच खड्यांची कानातली लग्नात घालू म्हणून नुसती डबी उघडून दाखवली. हॉलमध्ये बायका वाकून वाकून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंनी ती अंगठी वृंदाच्या हातात दिली. खरी की खोटी हे त्यांना विचारायचंच नव्हतं. "हिरा केवढ्याचा आहे ते सांग गं," त्या म्हणाल्या, "म्हणजे चार लोकांत सांगता येईल."

वृंदाने अंगठी दुकानात नेली. भिंगाखाली खडा तिरका धरला तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसत होत्या. हिऱ्यात तसं दिसत नाही. तिने यंत्रावर लावून बघितलं, पुन्हा बघितलं. तो हिरा नव्हताच. मॉयसनाइट होता, हिऱ्यासारखा दिसणारा, कारखान्यात तयार होणारा दुसराच खडा. संध्याकाळी ती बहिणीकडे गेली, दार लावून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ताई, कदाचित त्यांनाही कुणी फसवलं असेल. गोडीत प्रमाणपत्र माग." सुनंदाताईंनी गोडीत मागितलं नाही. वृंदाने दुकानात नेऊन तपासलीय असं सांगून फोनवर तावातावाने विचारलं. दुसऱ्या दिवशी मुलाची आई, वडील, काका सगळे घरी आले. मुलाच्या आईने चहाला हात न लावता एकच प्रश्न विचारला, "अंगठी एक दिवस कुणाकडे होती?"

हे मला वृंदानेच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जराही चढला नव्हता. ती म्हणाली, खोलीत आठ-दहा माणसं होती आणि पंख्याचा आवाज येत होता. ती ताईकडे बघत राहिली. ताई टीपॉयवरच्या बशीतली बिस्किटं सारखी करत होती. शेवटी वृंदाच म्हणाली, "कानातली तपासून घ्या. तीही त्याच खड्यांची आहेत आणि त्यांना मी हात लावलेला नाही." मुलाचा काका उठलाच. "म्हणजे आता आम्हीच चोर?" नंतर स्वयंपाकघरात तिने बहिणीला विचारलं, "ताई, तुला काय वाटतं? मी बदलला खडा?"

"मला काही वाटत नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "तू आता विषय वाढवू नकोस. लग्न मोडेल."

लग्न मोडलं नाही. थाटात झालं. त्या दिवशी वृंदा माझ्या घरी होती, कारण 'तू आलीस तर त्यांना अवघडल्यासारखं होईल' असा निरोप आला होता. मी वरणभात केला, तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आता मंगलाष्टकं चालली असतील ना गं…" ठाण्यात गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. सराफ तिला म्हणाला, "तुमच्यावर माझा विश्वास आहे हो, पण गिऱ्हाइकं विचारतात. थोडे दिवस घरीच थांबा." ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. ज्या हाताच्या भरवशावर लोकांनी मुलीबाळींचे दागिने घेतले, त्या हातात पुन्हा कुणी खडा दिला नाही. ती कोपरला घरीच गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागली. दुसऱ्या दुकानात विचार, म्हणून मी मागे लागायचे. ती म्हणायची, "काय सांगू त्यांना? मागचं काम का सोडलं?" केतकीचं नाव तिने वाईट अर्थाने कधी घेतलं नाही. उलट मला विचारायची, "दिसली का गं कुठे? बरी आहे ना?"

तेराव्यानंतर सुनंदाताईंनी घर आवरायला बोलावलं म्हणून गेले. केतकीही आलेली. स्वयंपाकघरात डबे रिकामे करताना ती एकदम म्हणाली, "शैलामावशी, ती कानातलीपण खोटीच होती."

मी डबा खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

"लग्नानंतरच्या दिवाळीत. एकाचा स्क्रू सैल झालेला, सोनाराकडे घट्ट करायला दिलेला. त्या माणसाने बघितल्या बघितल्या सांगितलं."

"आणि आईला?"

तिने डब्यातली डाळ पिशवीत ओतली. "आईला तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, आता नांदायचंय तुला तिथे, गप्प राहा. मावशीला मी सांगणार होते गं. खरंच सांगणार होते…" आणि ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

बाहेर सुनंदाताई कपाट आवरत होत्या. त्यांनी हाक मारली म्हणून गेले तर त्यांच्या हातात वृंदाची एकपदरी मोत्यांची माळ होती. एकेक दाणा निवडून तिने ती ओवून घेतली होती आणि रोज घालायची, मुलांच्या वह्या तपासतानाही. मोती तेवढे गोल नव्हते, पण आतून उजळलेले. कडीजवळचा दोरा तिच्या मानेच्या घामाने पिवळा पडला होता.

"शैला, खरे आहेत का गं हे? तुला कळतं ना, तिच्याबरोबर फिरायचीस."

"खरे आहेत."

"नक्की? केतकीच्या नणंदेचं डोहाळजेवण आहे, तिला द्यायला बरी पडेल. त्या लोकांना खोटं कसं देणार?"

मी केतकीकडे बघितलं. ती दारात उभी होती. पदराने डोळे पुसून ती परत डब्यांकडे वळली.

सुनंदाताईंनी माळ पर्समध्ये टाकली, किल्ल्यांवरच.

"किल्ल्यांबरोबर ठेवू नका," मी म्हटलं, "मोत्यांना चरे पडतात."

"हो हो," त्या म्हणाल्या, आणि पर्सची चेन ओढली.