कोंडाबाईची पुरचुंडी

पहिली दोन वर्षं मी कोंडाबाईला शत्रूच समजत होते. किनवटच्या जंगलातल्या त्या गावात मी सरकारी नर्स आणि ती पासष्टीची सुईण. आमच्या रत्नागिरीकडे खाडीवरच्या जांभ्या मातीत कळलावीचा वेल दर पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून उगवतो. फुलं लाल-पिवळी, देखणी. कंद मात्र जहर. इथल्या काळ्या रानात, कुंपणावर तीच फुलं दिसली तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. पण लवकर सुटका व्हावी म्हणून अडलेल्या बाईच्या कमरेला कोंडाबाई तोच कंद बांधते, असं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

श्रावणात शिवांगी अडली. पहिलटकरीण. ओढ्याला पाणी, अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडे अडकलेली. कोंडाबाईने तिच्या कमरेला पुरचुंडी बांधली. मी ती तोडून अंगणात भिरकावली.

"बाई, राहू द्या. तुम्हाला कळून न्हाई राहिलं."

"गप्प बसा, नाहीतर पोलिसांत देईन!" मी ओरडले.

शिवांगीची सासू गुणाबाई बाहेर गेली. जरा वेळाने वाटी घेऊन आली. मी बाळाचे ठोके मोजत होते, माझं लक्ष नव्हतं. कोंडाबाईचं होतं. गुणाबाईच्या नखांत ओली माती होती. शिवांगीच्या ओठांशी गेलेल्या वाटीला कोंडाबाईने असा फटका दिला की वाटी भिंतीवर आदळली.

"पेलीस का? पोरी, बोल की, पेलीस का?"

शिवांगीने मान हलवली. नाही. तरी कोंडाबाईने तिचे ओठ, जीभ पदराने पुसून काढली. भिंतीवरून वाटलेला कंद ओघळताना मी पाहिला आणि शिवांगीची नाडी धरली.

दुपारी मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. मग मी अंगणातून पुरचुंडी उचलून सोडली. आत आल्याचा सुकलेला तुकडा होता.

"खरा कंद म्या कवाच बांधला न्हाई," कोंडाबाई मागून म्हणाली. "कायतरी बांधलेलं दिसलं की घरच्या बाया कंद खणायला जात न्हाईत."

मला भयंकर लाज वाटली. माझ्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, "माझी महामाया अडली तवा म्याच तिला कंद वाटून पाजला व्हता. पोटची पोर व्हती, गेली."

आता माझ्या बॅगेत हातमोज्यांशेजारी सुकलेल्या आल्याचा तुकडा असतो. पुरचुंडीची गाठ मीच मारते.