बिनबॅटरीचा डिटेक्टर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात चुका असतील, त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्या. पण गोष्ट सुधारू नये. भूत, करणी, अंगात येणं... ह्या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आलो. भिवंडीजवळच्या आमच्या टेमघर गावात कुणाच्या अंगात आलं की लोक नारळ घेऊन धावायचे, मी लूमवर बसून विडी ओढायचो. आजही कुणी सांगितलं तर हसेन. फक्त हे एक सोडून.

आमचं घर टेमघरात. बाजूला माझी पत्र्याची शेड, तिच्यात कापड विणायचे दोन लूम. आणि समोर, अंगणाच्या पलीकडे, माझा धाकटा भाऊ जनार्दन याचा बंगला. वाटणीत त्याला रस्त्याकडची जमीन आली, मला आतली. पुढे रस्त्याला गोडाऊनं आली आणि जनाचा बंगला झाला. माझ्याकडे लूम राहिले. नशीब म्हणा. मी म्हणत नाही.

बंगल्याचं मला काही नव्हतं. खरं सांगतो, आईचं होतं. आई राहिली माझ्याकडे, जेवली माझ्या बायकोच्या हातचं, पण बोंबलाचं कालवण झालं की वाटी झाकून जनाकडे. दुपारी माजघरात बसून तव्यावर मशेरी भाजायची. तो तंबाखूचा धूर घरभर, आम्ही खोकून बेजार, आणि ही दात घासत दारातून हाक मारणार, "जना, ए जना, जेवलास का रं?" शेवटचा श्वास घेतला तो माझ्या मांडीवर. तेव्हासुद्धा डोळे उघडून मला विचारलं काय, तर "जना कुठं हाय?"

तर... दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. जनाचा मुलगा किरण जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये आगीच्या बंदोबस्ताच्या ड्युटीवर लागला. त्याने बापाच्या बंगल्यात छताला दोन पांढऱ्या डब्या लावल्या. स्मोक डिटेक्टर. धूर झाला की बोंबलतात. जना येणाऱ्या-जाणाऱ्याला खुर्चीवर चढून बटण दाबून दाखवायचा. टीं टीं टीं! अंगणापलीकडे माझ्या ताटात ऐकू यायचं.

किरण एक दिवस माझ्याकडे आला. "तात्या, एक उरलाय. तुमच्याकडे लावून देऊ?"

उरलाय! म्हटलं, "उरलेलं तुझ्या बापाला वाढ. माझा मी आणीन."

आणला. भिवंडीच्या बाजारात दुकानदाराच्या मागे लागून मुंबईहून मागवला. जनाच्यापेक्षा बोटभर मोठा. माजघरात छताला स्वतः स्क्रू मारून लावला, कारण पाहुणा जेवायला तिथेच बसतो आणि जेवताना माणूस एकदा तरी वर बघतो. किरण डोकं हलवत उभा होता. "तात्या, इथं नको. चुलीचा धूर येतो, लूमची रुई उडते. बाहेरच्या खोलीत लावा. महिन्याला बटण दाबून बघा, ब्रशनं धूळ झाडा."

"झालं तुझं? चहा घे आणि जा."

पुढे काय होणार ते झालं. भाकरी टाकली की टीं टीं. मासळी तळली की टीं टीं. रुई आत गेली की काही न करता टीं टीं. बायको एक दिवस पीठभरल्या हातांनी बाहेर आली. "अवं, एक तर हा ऱ्हाईल न्हाय तर मी ऱ्हाईन!"

मी झाकण उघडलं, आतली चौकोनी बॅटरी काढली आणि पानाच्या डब्यात टाकली. डबी मात्र तिथेच ठेवली. खाली उतरवली असती तर जनाने अंगणात येऊन विचारलं असतं, "दादूस, तुझा कुठं गेला?" ते मला ऐकायचं नव्हतं. बायको म्हणायची, "मेलेला डोळा टांगून ठेवलाय छताला." म्हणू दे. पाहुण्यांना काय कळतंय!

ही बॅटरी काढल्याची गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

त्यानंतर उन्हाळ्यात जनाच्या मुलीचं लग्न निघालं. बंगल्याला आतून-बाहेरून रंग. मला कुणी रंग कोणता विचारलं नाही, ते असो. एका दुपारी त्याच्या घरातली सगळी माणसं पत्रिका वाटायला गेली. किरण ड्युटीवर. जना एकटा जेवून वरच्या खोलीत झोपला होता. लोडशेडिंग चालू होतं, म्हणजे लूम बंद, सगळं टेमघर गपगार. मी माजघरात लादीवर आडवा पडलो होतो. बायको मागच्या दारी भांडी घासत होती.

आणि वास आला.

मशेरीचा. तव्यावर तंबाखू करपत आला की येतो तसा, नाकात झोंबणारा. आईला जाऊन तेव्हा कैक वर्षं झाली होती आणि आमच्याकडे दुसरं कुणी मशेरी लावत नाही. मी उठून बसलो. मागून बायको ओरडली, "कोन मशेरी भाजतंय वो?" म्हणजे तिलाही आला. मला एकट्याला भास झाला असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

तेवढ्यात डोक्यावर... टीं टीं टीं!

मी वर बघितलं. धूर नाही. चूल विझलेली. स्टुलावर चढलो, डबी फिरवून हातात घेतली, झाकण उघडलं. आत बॅटरीची जागा रिकामी. आणि ती रिकामी डबी माझ्या हातात बोंबलत होती. बायको दारात येऊन उभी. तिच्या हातातली राख खाली सांडत होती.

"टाका ती भाईर! टाका आधी!"

फेकायलाच मी अंगणात धावलो. हात वर केला, आणि समोर बघतो तर जनाच्या आतल्या जिन्याच्या खिडकीतून काळा धूर निघतोय. जिन्याखाली त्याचा इन्व्हर्टर होता, तो पेटला होता. बंगल्यात मात्र चिडीचूप. त्याच्या दोन डब्यांपैकी एकही वाजत नव्हती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मी बाहेरच्या जिन्याने गॅलरीत गेलो, तिथली फुलझाडाची कुंडी एका हाताने उचलून दारावर आपटत राहिलो. "जना! ए जना! ऊठ रे!" कडी तुटली. आत धूर कमरेपर्यंत उतरलेला. जना पलंगाशेजारी रांगत होता, दार सापडत नव्हतं. बखोटीला धरून ओढत खाली आणला. तोवर लूमवाली पोरं आली होती, त्यांनी बांधकामाची रेती टाकून आग दाबली.

अंगणात जना खोकून-खोकून लाल झाला होता. विचारतो, "दादूस, तुला कसं कळलं?"

माझ्या डाव्या मुठीत डबी तशीच होती. गप्प झालेली. कधी गप्प झाली ठाऊक नाही. मी ती उघडून त्याच्यापुढे धरली. बायकोने मशेरीच्या वासाचं सांगितलं. तसा जना लहान पोरासारखा रडायला लागला. "आय आली रं... माझ्यासाठी आली!"

संध्याकाळी किरणने बंगल्यातल्या डब्या बघितल्या. डब्यांवर रंग उडू नये म्हणून रंगाऱ्याने दोन्हींवर प्लास्टिकच्या पिशव्या घालून वर दोरा गुंडाळला होता. काढायचं सगळेच विसरले. माझी डबी त्याने दोन दिवस ठेवून घेतली, खोलून बघितली. म्हणाला, "तात्या, बॅटरी काढल्यावर उरलेल्या करंटवर एखादी टीं होईल. तीसुद्धा तेव्हाच. इतक्या महिन्यांनी एवढी वाजणं... माझ्याकडे उत्तर न्हाय." बॅटरी पानाच्या डब्यातच होती, तिच्यावर चुना सुकलेला.

गावाने मात्र उत्तर लगेच काढलं. जनाची आई जनासाठी आली. लग्नात तर हळदीच्या बायका मला गाठून ऐकवत होत्या, "केवढी माया हो तिची जनावर!" अरे, कुंडी कोणी आपटली? खांदा कोणाचा निखळला? आणि आली ती कुठे आली? त्याच्या बंगल्यात गेली का? माझ्या माजघरात आली, तिच्या जागेवर. हाक मला मारली. हे मी जनाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "व्हय दादूस, पन जाताना नाव माझंच घेत व्हती ना?"



आता जनाकडे चार डिटेक्टर आहेत. महिन्याला बटण दाबतो, पिशव्या बघतो. माझ्याकडे बायकोने बाहेरच्या खोलीत किरणकडून एक लावून घेतलाय, त्याची बॅटरी तीच बदलते, मला हात लावू देत नाही. माजघरातली ती जुनी डबी मी पुन्हा तिथेच लावलीय. बिनबॅटरीची. किरण सांगून थकला.

त्या दुपारी काय झालं ते मला आजही कळलेलं नाही, कुणाला कळत असेल तर कळवावं. मी रोज जेवून त्या जुन्या डबीखाली आडवा पडतो. चुलीत कधी लाकूड जास्त धुमसलं, माजघरात धूर भरला, की बायको खिडक्या उघडायला धावते, बाहेरच्या खोलीतला बोंबलायला लागतो. मी उठत नाही. वर बघत राहतो.

ती मात्र पुन्हा एकदाही वाजलेली नाही.